आता कशी दिसते?

उजवा

सिस्टरने पट्टी कानाकडून हळूहळू सोलत आणली, कापूस उचलला, आणि माझ्यापुढे एक निळा माणूस उभा राहिला.

"काय दिसतंय, काकू?" निळ्या माणसाने विचारलं.

"तुम्ही."

"मी कसा दिसतो?"

"निळे."

डॉक्टर हसले. त्यांनी कोटाची बाही माझ्या डोळ्याजवळ आणली. "पांढरा आहे हा. परवाच धुतलाय. मोतीबिंदूने तुमचं आतलं भिंग पिवळं पडलं होतं, तांबूसच म्हणा. ते काढून स्वच्छ बसवलं. आता थोडे दिवस सगळं निळसर वाटेल, मग सवय होईल. चित्रकार ना तुम्ही? तुम्हाला जरा जास्तच जाणवेल."

"आणि डावा?"

"डावा पुढच्या महिन्यात. तारीख बाहेर लिहून देतील. तोवर एक डोळा नवा, एक जुना. गंमत बघा."

बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलेली मालन म्हणाली, "सायब, गंमतीचं ऱ्हाऊ द्या. चुलीपुढं कवा बसायचं ते सांगा."

"इतक्यात नाही. धूर नको, धूळ नको. थेंब वेळेवर."

"म्हंजी माझंच मरण," मालन म्हणाली, आणि थेंबांची बाटली नीट पदराच्या गाठीत बांधून घेतली.

मालन आमची शेजारीण. मायणीच्या पुढे रस्ता माळावर चढतो तिथे दोनच घरं होती. एक तिचं, पुढच्या अंगाला किराण्याचं दुकान असलेलं. दुसरं आमचं. 'आमचं' म्हणायची सवय. सर, म्हणजे माझे यजमान, माघात गेले होते आणि हा चैत्र होता. मी दारात उभ्या असलेल्या तिच्या म्हशीला "कोण आहे, आत या" म्हटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने मला विट्याला डोळ्यांच्या दवाखान्यात आणून बसवलं होतं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण मला तो महिना आजही दोन तुकड्यांत आठवतो. उजवा आणि डावा. तसाच सांगते.

डावा

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली.

डावा मिटून उजव्याने: आभाळ कुणीतरी खळबळून धुतलेलं. मुरमाच्या कडांना जांभळी झाक. लांबची पवनचक्की इतकी पांढरी की बघवत नाही. पुढच्या सीटवरच्या बाईचं लुगडं जांभळं.

उजवा मिटून डाव्याने: तीच बाई, लुगडं तपकिरी. पवनचक्की लोण्याची. आभाळ आणि जमीन एकाच तव्यावर भाजलेली.

उजव्याने: बाभळीची सावली निळी.

डाव्याने: सावली काळी.

"काकी, डोळं का मारताय?" मालन माझ्या कानाशी लागून म्हणाली. "त्यो कंडक्टर बघायलाय."

"बघू दे."

"बगू दे कसं? तिकीट म्या काढलंय."

डावा माझा होता. त्याच डोळ्याने गेली कित्येक वर्षं मी हा माळ रंगवत होते. म्हणजे माळावर बसून कधी नाही. सकाळी सर आणि मी हिवराच्या झाडापर्यंत फिरायला जायचो. मी बोलत नसे. सर खडकांबद्दल बोलत. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. सगळं गाव त्यांना बर्गे सर म्हणे, आणि लग्न झाल्यावर मीही सरच म्हणायला लागले, आधी थट्टेने, मग सवयीने. परत आल्यावर मी कामाच्या खोलीत कॅनव्हास जमिनीवर आडवा टाकायचे, रुंद सुरीने रंगाचे थर द्यायचे, एकावर एक, आणि मग खरवडत जायचे. हवं ते हाताला लागेपर्यंत. माझ्या चित्रात झाड नसे, घर नसे. क्षितिज असेच असं नाही. येणारेजाणारे विचारत, हे नेमकं काय आहे. सर विचारत नसत. चहाचा कप घेऊन दारात उभे राहत, चहा संपेपर्यंत बघत, आणि म्हणत, "हिवराच्या अलीकडचा उतार. बरोबर?"

बरोबर की चूक, हे मी कधीच सांगितलं नाही. तेवढं एक आमच्यात शिल्लक राहू द्यावं असं वाटे.

कंडक्टर पुढे गेला. मी दोन्ही डोळे उघडले. दोन माळ एकमेकांवर आले, पण नीट बसले नाहीत.

उजवा

घरी पोचल्यावर मालनने कुलूप काढलं, मला खुर्चीत बसवलं, थेंब घातला आणि म्हणाली, "हलू नगा."

ती भाकरी आणायला गेली तशी मी हलले. कामाच्या खोलीचं दार ढकललं.

खोली निळी होती.

चारी भिंती निळ्या. तळ्यात बुडी मारून डोळे उघडल्यावर दिसतं, तसं. भिंतीला टेकून पालथी ठेवलेली चित्रं, रंगांनी माखलेलं स्टूल, खिडकीतली कात्री, सगळं त्या निळ्यात उभं होतं.

मला हसू आलं. डॉक्टरांचा कोट निळा, तर भिंत का नसावी. या खोलीच्या भिंतीवर माझं फार लक्ष असे. रंगाची पारख पांढऱ्याशेजारी होते. भिंतच मळकी असेल तर चित्रातला पांढरा कुठे नेऊन ठेवायचा? म्हणून दर दिवाळीला ही खोली तरी पांढरी व्हायचीच. सर स्वतः करत. गडी लावून घेत नसत.

होईल सवय, म्हणत मी दार ओढून घेतलं.

दिवाळी, मागची

"आता?"

"पिवळट."

"वाळू तरी दे, इंदू. ओला चुना कसाही दिसतो."

सर स्टुलावर. डोक्याला माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला, हातात घायपाताचा कुंचा. मी उंबऱ्यात. माझं काम बघण्याचं. खिडकीशेजारी हातभर जागेवर ते चुना फिरवत, वाळेस्तोवर विडी नसलेल्या हाताने विडी ओढल्यासारखं करत बसत. विडी मी सोडायला लावली होती.

"वाळला. आता कशी दिसते?"

"सर, तुम्ही जुना चुना आणलात."

"आजच भिजवलाय. उकळताना तू शिव्या दिल्यास ना त्याला, वास येतो म्हणून?"

"मग नीळ कमी पडली असेल."

"हां. तसंच असेल."

ते खाली उतरले. बादली घेऊन परसात गेले. दांडक्याने ढवळण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग पुन्हा स्टूल, पुन्हा हातभर पट्टा, पुन्हा वाट बघणं.

"आता?"

"जवळ आली."

"एकदाचं सांग, सासऱ्याने मुलगी बघावी तशी बघतेस." पुन्हा परस. पुन्हा ढवळणं.

"आता?"

मी मान तिरकी करून बघितलं. दोन पावलं मागे गेले. "हां. आता पांढरी."

"नक्की?"

"नक्की. तुम्हाला कशी दिसते?"

सर स्टुलावरून अंग मागे टाकून, एका हाताने खिडकीची चौकट धरून भिंतीकडे बघत राहिले.

"मलाही पांढरीच दिसते," ते म्हणाले, आणि कुंचा बादलीत बुडवला.

उजवा

मीठ आधी पांढरं झालं. मग दूध. मग मालनच्या दारातला मोगरा. मी रोज सकाळी एकेक वस्तू उजव्याने बघत होते, ती आपल्या रंगावर परत आली की सोडून देत होते. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. सवय होत होती.

भिंत मात्र तशीच होती.

भिंतीचं पुढे बघू म्हणून मी चित्रं सुलटी केली. पुण्याच्या एका चित्रदालनात ती दिवाळीनंतर लागायची होती. त्या दालनाचे निरंजन मुळे थंडीत स्वतः येऊन निवडून गेले होते, सर असतानाच.

पहिलं चित्र सुलटं केलं आणि मी जमिनीवर बसले.

आभाळ हळदीचं होतं.

मी जिथे पांढरा ठेवला होता, उन्हाने सगळं पुसून टाकलेला माळाचा भरदुपारचा पांढरा, तिथे दाट, खमंग, लग्नघरातल्यासारखी हळद. दुसरं चित्र: हळद. तिसऱ्यात मी खडकांना राखाडी दिला होता, फार विचार करून, फार दबका; तो भडक निळा होता, मोराच्या मानेसारखा. चौथं मी सुलटं केलं नाही.

डावा मिटला की हे. उजवा मिटला की पुन्हा माझी चित्रं, जशी होती तशी, शांत, उन्हात थकलेली. मी किती तरी वेळ एक डोळा झाकत बसले. पांढऱ्यात पिवळा किती पडतोय हे त्या डोळ्याला कळतच नव्हतं. पडला काय, न पडला काय, त्याला उन्हाचा पांढरा तसाच दिसायचा. निळा आणि राखाडी तर त्याला सारखेच.

उतारवयात माझ्या कामात 'मातीचा प्रकाश' आला, असं कुणीतरी लिहिलं होतं. सरांनी मला वाचून दाखवलं होतं ते. दोनदा.

मी सुरी घेतली आणि पहिल्या चित्राचं आभाळ खरवडायला लागले.

मालन थेंब घालायला आली तेव्हा माझ्या मांडीवर पिवळ्या सालपटांचा ढीग होता.

"अगं बया. धूळ नगं म्हनलं व्हतं ना सायबांनी?"

"ही धूळ नाही. आजार आहे."

"मान वर करा."

तिने थेंब घातला. तो गालावरून ओघळला, तसा तिने पदराने टिपला, आणि सालपटं सुपलीत भरता भरता म्हणाली, "चांगलं हळदीवानी व्हतं की. का मोडलं?"

दोन्ही

मी निरंजनना फोन लावला.

"चित्रं पाठवणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम, दालनाच्या तारखा ठरल्यात."

"त्यातला रंग खोटा आहे. मोतीबिंदू होता मला. तुम्ही ज्याला पिवळं म्हणता ते मी लावलेलंच नाही. मी पांढरं लावलं होतं."

निरंजन बोलायला लागले की थांबत नाहीत.

"मॅडम, एक सांगू? मी त्या दिवशी तुमच्या निळ्या खोलीत पाऊल टाकलं आणि समोर ती पिवळी चित्रं. मी ड्रायव्हरला म्हटलंसुद्धा, बाईंनी भिंतसुद्धा विचार करून रंगवलीय. मला तर वाटलं—"

"कुठल्या निळ्या खोलीत?"

"तुमच्या. कामाच्या."

"तुमच्या डोळ्यांना काही त्रास आहे?"

"मला? नाही. का?"

मी फोन ठेवला.

मालन ओट्यापाशी भाकरी झाकून ठेवत होती.

"मालन, इकडे ये. ही भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"कंची? ही?" तिने आत डोकावून बघितलं. "निळी."

"निळसर?"

"निळसर न्हाय. निळी. आमच्या देवळाच्या कळसाखालचा पट्टा हाय का न्हाय, तसली." तिने माझ्याकडे बघितलं. "का वो?"

"आधीपासून?"

"आधी फिक्की व्हती. दर दिवाळीला गडद व्हत गेली. म्या म्हनलं, तुमचीच आवड आसंल. चित्र काढनाऱ्या मानसाचं काय सांगावं." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली. "सर नीळ न्यायचे ना माझ्याकडनं. पुड्यावर पुड्या. एकदा म्या इचारलं, सर, घरात मानसं दोन, कापडं धुताय तरी किती? तर म्हनले, मालन, आमच्याकडं आभाळ धुत्यात."

ती हसत होती. मग थांबली.

"काकी, काय झालं?"

"काही नाही. तू जा. दुकानात कुणी नसेल."

डावा

माझ्या आईचा मोतीबिंदू एका शिबिरात काढला होता. मी परकरी होते. पट्टी निघाली तेव्हा ती म्हणाली, "दिवा लावा ना कुणीतरी." भर दुपार होती.

सरांना मी हे लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. पुढे खूप वर्षांनी, माळावरच्या पायवाटेवर मी एका दगडाला अडखळले, तेव्हा ते म्हणाले होते, "इंदू, एकदा डोळे दाखवून येऊ या का?" मी म्हणाले होते, "माझ्या डोळ्यांचं नाव परत काढू नका." ते "बरं" म्हणाले.

परत काढलं नाही.

मी त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि भांडले. मोठ्याने. माळावर ऐकायला कोण आहे.

काढू नका म्हटलं म्हणून काढलं नाहीत? जन्मभर मीठ कमी टाका म्हटलं ते ऐकलंत का कधी? विडी सोडा म्हटल्यावर दुकानामागे जाऊन ओढलीतच ना? एवढे आज्ञाधारक नेमके इथेच झालात? मी पिवळं फासत बसले, तुम्ही चहा पीत बघत राहिलात. चहा संपला की 'हिवराच्या अलीकडचा उतार'. हळदीचा उतार असतो का कुठे, भूगोलात?

खुर्ची वेताची होती. तिची एक पट्टी सुटली होती. ती सर रविवारी बसवणार होते.

मग मी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि दारातून आत बघितलं.

भिंत पांढरी होती.

स्वच्छ, थंड, दिवाळीतल्या सकाळसारखी पांढरी. इतकी पांढरी भिंत मी पुढे कुठेच बघितली नाही, आणि तेव्हाही ती जगात फक्त एका डोळ्याला दिसत होती. तारीख लिहिलेला कागद देवाच्या फोटोमागे खोचलेला होता.

दोन्ही

"उद्याच्याला जायचं ना?" मालन म्हणाली. "पहिल्या गाडीनं?"

"डावा राहू दे."

"ऱ्हाऊ दे म्हंजी?"

"एकाने चालतंय माझं."

"आवो, एकानं म्हशीचं बी चालत न्हाय. कशापायी ठेवायचा त्यो?"

म्हटलं, "कामाचा आहे."

मालनने मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. तिची सासू अशीच म्हातारपणी एका फुटक्या घागरीवर अडून बसली होती, हे तिने मला सांगितलं नाही, पण तोंडावर तेच होतं. "सकाळी येते," ती म्हणाली. "नेसून बसा. न्हायतर तशीच उचलीन."

"मालन, दुकानात चुना आहे?"

"हाय."

"आणि नीळ?"

ती उंबऱ्यातच वळली. काही विचारणार होती. मग म्हणाली, "किती?"

"असेल तेवढी."

दुपारी मी परसात चुना भिजवला. उकळला, वास आला, मी तोंड वळवलं. निवला तेव्हा त्यात एक पुडी सोडली आणि ढवळलं. स्टुलावर चढले. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या फळीमागे, सरांचा हात पोचला नव्हता असा हातभर तुकडा होता. जुना, उघडा. तिथे कुंचा फिरवला. खाली उतरले. उंबऱ्यात गेले. वाळायची वाट बघितली. उजवा झाकला.

पिवळट.

परस. पुडी. दांडकं. स्टूल. कुंचा. खाली. उंबरा. उजवा झाकला.

पिवळट.

हे काम दोन माणसांचं होतं. एकाने वर राहायचं, एकाने दारात. मला एकटीला चढता-उतरताना गुडघे धरून थांबावं लागत होतं आणि "आता?" म्हणून विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मीच स्टुलावरून विचारत होते आणि उंबऱ्यात जाऊन उत्तर देत होते.

"आता?"

"अजून नाही."

परसात बादलीवर वाकले तेव्हा उजवा उघडा असे. चुना आता आकाशी झाला होता. आणखी एक पुडी. आणखी एक. दुपार कलली तोवर बादलीत निळीच्या हौदासारखं काहीतरी होतं, माझे हात कोपरापर्यंत निळे, लुगड्यावर निळे ठिपके. कुठल्याही डोळस माणसाला ती बादली पांढरी वाटली नसती. ढवळता ढवळता माझा हात थांबला.

सरांनी हेच केलं होतं. दरसाल, इथेच, याच दगडाशी बसून. त्यांना ही बादली आता मला दिसतेय तशीच दिसत होती. उजवा डोळा त्यांचा होता. मी उजव्याने सर होते आणि डाव्याने इंदू.

मग मी उभी राहिले आणि शेवटचा हात देऊन आले. उंबऱ्यात थांबले. पट्टा वाळला.

उजवा झाकला.

पांढरी. सरांचा तुकडा कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला, काही कळत नव्हतं.

मी हात काढला. उजवा उघडला. समोर निळी, डोळ्यात भरेल अशी निळी भिंत, आणि अशाच भिंतीपुढे, खिडकीची चौकट धरून, स्टुलावरून अंग मागे टाकून हे सगळं बघत सर म्हणाले होते, मलाही पांढरीच दिसते.

स्टूल मी जागेवर नेऊन ठेवलं. कुंचा धुतला. देवाच्या फोटोमागचा कागद काढून पिशवीत टाकला.

सकाळी मालन आली तेव्हा मी नेसून पायरीवर बसले होते. माझ्या हातांकडे बघून ती म्हणाली, "आता सायब म्हनतील, हात बी बदलायला लागत्यात."

दोन्ही, नवे

डावा डोळा नीट झाला. पट्टी निघाली आणि भर दुपारी भर दुपारच दिसली.

चित्रं पुण्याला गेली, हळदीच्या आभाळासह. खरवडलेलं एक मी ठेवून घेतलं. त्याचं पुढे काही केलं नाही. निरंजननी विचारलं, प्रदर्शनाला नाव काय द्यायचं, तर मी म्हणाले, हिवराच्या अलीकडचा उतार. ते हसले. मी काही नावं देत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर मी पुष्कळ चित्रं केली. त्यात पिवळा बेताने आहे. सकाळी फिरायला एकटीच जाते. खडक काही बोलत नाहीत. परत आल्यावर चित्र झालं की चहा घेऊन मीच दारात उभी राहते, कप रिकामा होईपर्यंत.

पण सांगायचं राहिलं ते त्याच वर्षीच्या दिवाळीचं. मालन वसुबारसेला सकाळी सकाळी आली. दुकानाची आवराआवर चालली होती, केसांत पीठ होतं.

"काकी, चुना आलाय. किती ठेवू?"

"नको यंदा."

"नगं कसं? सरांचं वर्ष सरायचंय म्हनून दिवा लावू नगा, फराळ करू नगा, कोन काय म्हनत न्हाय. पन घर तरी सारवायचं, रंगवायचं. आता दोन्ही डोळं चांगलं झालं. ती खोली तेवढी चांगली पांढरी करून टाका."

"पांढरीच आहे," मी म्हणाले.

मालन आत जाऊन उभी राहिली. खिडकीतून ऊन आलं होतं आणि भिंत त्या उन्हात नुसती पेटली होती. तिने चारी बाजूंना बघितलं. वरच्या कोपऱ्यापर्यंत, पत्र्याच्या फळीमागे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, जणू मी काही विचारलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. तिने पदराने केसांतलं पीठ झटकलं. "मला बी पांढरीच दिसती."